पाय दाखव

पोस्टवर आम्ही नऊ जण. चहूकडे बर्फ. रोज संध्याकाळी ठीक सतराशे वाजता, म्हणजे पाचला, फूट इन्स्पेक्शन. प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार, नेमून दिलेला. त्याचे मोजे आपण काढायचे, एकेक बोट दाबून बघायचं. हिमदंशात पाय बधिर होतो, ज्याचा त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून दुसऱ्यानं बघायचं.

माझा बडी नाईक यशवंत खामकर. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. घरी फोन करायची माझी पाळी मी दुसऱ्याला देऊन टाकली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे दगडा, बडोद्याला वहिनी वाट बघतेय! बोलायला सुचत नसेल तर नुसतं खोकून दाखव." सगळे हसले. मला झोंबलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्याजवळ गेलोच नाही. लांबूनच विचारलं, "पाय?"

"ठीक."

मी रिपोर्ट दिला, ओके.

सकाळी सहा दहाला आमची गस्तीची तुकडी निघाली. सहा चाळीसला उतारावर दोर बदलायला यशवंतनं हूक काढला आणि त्याचा पाय घसरला. मी रेडिओ उचलला.

"एक जवान खाली गेला. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"माझा बडी."

दहा वाजता त्याला वर आणलं. गेलेला होता. बेसवर डॉक्टरसाहेबांनी बूट उतरवले. उजव्या पायाची तीन बोटं काळीनिळी. कालपासूनची, म्हणाले. मला कुणी दोष दिला नाही. मी देतो, अजूनही.

हवालदार म्हणून रिटायर होऊन बडोद्यातच गोत्रीला फ्लॅट घेतला. सुनंदाला, माझ्या बायकोला, डायबिटीस आहे. तळव्यांना संवेदना नाही. मी रोज पाच वाजता तिच्या पायांशी बसतो. सुरुवातीला ती पाय आखडून घ्यायची. "अहो, नवऱ्यानं पायाला हात लावू नये, मला पाप लागेल. समोरच्या हंसाबेन बघतायत!" बघू देत की! मला कसली लाज?

गेल्या महिन्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. पाच वाजले. मी पेपरातून मान वर न करता विचारलं, "पाय?"

"ठीक आहेत."

पेपर खाली टाकला. उठलो, तिच्यासमोर बसलो, मोजा ओढला. तळव्यात टोकदार खिळा रुतलेला, मोजा रक्तानं भिजलेला. दुपारी भाजी आणायला गेली होती. तिला काही कळलं नव्हतं.

मी रडलो. बायकोसमोर पहिल्यांदा. यशवंतचं सगळं तेव्हा सांगितलं, इतक्या वर्षांनी.

जखम अजून भरलेली नाही. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. रात्रंदिवस धाकधूक असते. काल पाच वाजता सुनंदानं आपणहून पाय पुढे केला. मी पट्टी सोडायला गेलो तर म्हणाली, "थांबा. आधी भावजींचं नाव घ्या."

"नाईक यशवंत खामकर," मी म्हणालो, आणि पट्टी सोडली.