डबकेवाल्या मॅडम

सोनाळ्याहून येणाऱ्या एसटीत आमच्या सायन्सच्या मॅडमशेजारी कोणी बसायचं नाही. मांडीवर काचेची बरणी, तीत तलावाचं पाणी आणि कुजलेला ज्वारीचा कडबा. वास असा, की कंडक्टर तिकीटही लांबूनच द्यायचा. गावाने नाव ठेवलं, डबकेवाल्या मॅडम. त्यांना शष्प फरक पडत नव्हता. "नाक झाका, पण डोये उघडे ठेवा," म्हणायच्या.

त्या पाण्याच्या एका थेंबात पॅरामेशियम नावाचे एकाच पेशीचे जीव असायचे. भारी पळकुटे! आमच्याच शेतातल्या कापसाचे चार तंतू टाकून मॅडम त्यांना अडवायच्या आणि लाल रंगात उकळलेलं यीस्ट खाऊ घालायच्या. आम्ही पोरी पाळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो. त्या जिवाच्या अंगात यीस्टच्या लाल गोळ्या फिरायच्या, पचता पचता निळ्या पडायच्या. मग बराच वेळ काहीच नाही. मॅडम उठू द्यायच्या नाहीत. आणि एकदम, अंगाच्या एका ठरावीक जागेतून, चोथा पिचकन बाहेर!

"हगलं!" मी ओरडले आणि जीभ चावली.

"मंग? खाल्लं त हगनच. याच्यात लाजाचं काय वं?" मॅडम म्हणाल्या. मग आमच्या बाकांकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमच्या पाण्याच्या बाटल्या दुपारीबी भरेलच काऊन रायतात?"

पोरींनी बाटल्या बाकाखाली सरकवल्या. शेवटी मीच सांगितलं. पोरींच्या मुतारीला कुलूप असायचं. तपासणीला साहेब आले की उघडायची, एरवी घाण होते म्हणून बंद. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. आया तसंच शिकवून पाठवायच्या. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

"एका पेशीच्या जिवाले कोणाची परवानगी लागत नाही, अन् तुम्ही दिवसभर दाबून बसता?" मॅडम तडक हेडमास्तरांकडे गेल्या. आम्ही मागे. सर म्हणाले, "मॅडम, चावी देता येणार नाही. पोरी घाण करतात."

"मंग मुतारी काय पुजाले बांधली?" असं म्हणून त्या बाहेर आल्या, वीट उचलली आणि कुलूप फोडलं.

महिन्याभरात संस्थेने त्यांची बदली केली, पार घाटावरच्या लांबच्या शाळेत. निरोपाला आम्ही रडलो तर त्या उलट चिडल्या. "रडता काय? मी गेली का तिथं नवं कुलूप लागन. तवा काय करान, ते सांगा."

लागलंच. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या घटाघटा पाणी प्यायलो आणि मधल्या सुट्टीत हेडमास्तरांच्या खोलीत घुसलो. आत गावातले मोठे लोक चहा पीत बसले होते.

"काय पाहिजे?" सरांनी दरडावलं.

मी टेबलापर्यंत गेले. आवाज खणखणीत निघाला, "सर, मुतायले जायचं हाय. चावी द्या."

कपबशा वाजायच्या थांबल्या. सरांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मान खाली घालून चावी टेबलावर ठेवली.

ती आम्ही परत केली नाही.