कार्डावर न छापलेलं

आमच्या शेवगावच्या ख्रिस्ती वस्तीत मालनबाई भिंगारदिवे तीस वर्षं दर गुरुवारी आम्हा बायकांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेत. शाळा सातवीपर्यंतच, पण चर्चचे पाळकसाहेबसुद्धा कुठं अडले की त्यांनाच विचारायचे. त्यांचा एकच नियम होता: मधलीच ओळ उचलायची नाही, अध्याय वरून खालपर्यंत वाचायचा. "पत्रिकेतलं निस्तं नाव वाचून लग्नाला जाशील का गं? तारीख कोन बघनार?" असं म्हणून त्या झापायच्या. मीही भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

आणि ती चूक केली त्यांनीच.

नववर्षाच्या उपासनेत आमच्याकडे वचनांचा डबा फिरतो. शास्त्रातली एकेक ओळ छापलेली कार्डं असतात; जे हाती येईल ते वर्षभराचं आपलं वचन. शेजारच्या आरतीच्या निकिताला निघालं, देव तुला बरं करील. मालनबाईंनी ते मोठ्यानं वाचलं, आम्ही सगळ्या आमेन म्हणालो. पोर बारावीला होती. तिनं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं.

ऑगस्टात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठलं. आरती म्हणाली, "बाई, नगरला नेते तिला. टेम्पो बोलावलाय." मालनबाईंनी आरशातलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "देवानं सवता दिलंय हे. दोन दिस उपास धरू, प्रार्थना करू. इश्वास ठेव." टेम्पो परत गेला. आम्ही सातजणी उपाशी बसून गाणी म्हणत होतो. हे बरं नाही, असं मला आतून वाटत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? तिसऱ्या सकाळी पोरीच्या हिरड्यांतून रक्त आलं. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डेंगी आहे, पेशी फार उतरल्यात, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत निकिता गेली.

पोरीला मातीआड करून आल्यापासून आरती चहाच्या घोटावर होती. रडायचीसुद्धा नाही. "म्या टेम्पो बोलावला," एवढंच म्हणायची. "देवावर संशय घेतला. म्हून पोर गेली." येणारी प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणून परतायची. त्यात मीही होते, आणि त्याचा संताप मला अजून येतो. खरं सांगू शकणाऱ्या एकट्या मालनबाई, त्या घराला कडी घालून बसल्या होत्या.

नवव्या दिवशी, गुरुवारी, मालनबाई शास्त्र घेऊन आरतीच्या घरी आल्या. आरती भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्याजवळ, पुढं जावेनं ठेवलेलं भाकरीचं ताट तसंच. बाईंनी कार्डावरच्या ओळीचा अध्याय काढला आणि वरून वाचायला घेतला. एक राजा मरणाला टेकलेला असतो. तो रडतो, तेव्हा देव संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो, तुला बरं करीन. कार्ड इथंच संपत होतं. बाई पुढं वाचत राहिल्या. दोनच ओळी खाली संदेष्टा अंजिरांचा लेप मागवतो, तो राजाच्या गळवावर लावतात, आणि मग राजा बरा होतो.

"औषिद खालीच लिवलंय," बाई म्हणाल्या. "वचन देऊनबी देवानं लेप लावायला लावला. तू बोलावलेला टेम्पो त्योच लेप हुता, आरती. तुझा इश्वास कमी न्हवता. म्या आडवी आले."

आरतीनं मान वर केली. "हे तुमाला आदी ठावं हुतं?"

आरती लग्न होऊन वस्तीत येण्याआधी हाच अध्याय बाईंनी आम्हाला शिकवला होता. मी मान खाली घातली. बाईंना नाही म्हणता आलं असतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ठावं हुतं. त्या दिशी निस्तं कार्डच वाचलं."

"मंग उठा आता," आरती म्हणाली. "परत माज्या दारात येऊ नका."

मालनबाई उठल्या. शास्त्र तिथंच राहिलं. त्या उंबऱ्याबाहेर गेल्यावर आरतीनं ताट पुढं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हंबरडा फोडला.