अथर्वची नवी आई

गप्प बसणाऱ्या माणसाच्या हातून घोटाळे होत नाहीत, असं आमच्या आईचं ठाम मत आहे. याच मताच्या जोरावर तिने मला वाढवलं आणि सासरी धाडलं. तर ऐका, लग्नाला अवघे सोळा दिवस झालेले असताना, चकार शब्द न काढता मी काय करून ठेवलं ते!

म्हणजे, एक शब्द काढला होता. ‘हो.’ तेवढाच.

आमचं घर सिंहगड रस्त्याला, धायरीच्या अलीकडे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मोठे दीर, जाऊ मंजिरीवहिनी आणि त्यांचा पाच वर्षांचा अथर्व. (त्याच्या बालवाडीत चार अथर्व होते. हाक मारली की अर्धा वर्ग उभा!) दिरांना त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीने तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलेलं. वहिनीही सॉफ्टवेअरमध्येच, पण इथे.

अथर्वला पहिलीत घालायचं होतं आणि शाळा होत्या दोन. एक धायरीची, नवीकोरी. तिथली जागा हातात होती, पण शनिवारी बाराच्या आत प्रवेश पक्का केला नाही तर गेली. दुसरी पेठेतली, जुनी, दगडी. आमच्या घरातले दोन्ही मुलगे तिथेच शिकलेले. त्यामुळे घराला हवी होती ती हीच. आणि तिथे अथर्व होता वेटिंगवर, दुसरा. सासूबाई रोज दिवा लावताना गणपतीला सांगायच्या, ‘बाप्पा, दोनाचा एक कर.’

बाप्पाने शुक्रवारी ऐकलं. सकाळी दहाला फोन. ‘एक जागा झालीये, पहिला नंबर येत नाहीये. अकराला मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन या. उशीर झाला तर पुढचा नंबर.’

आई कुठे होती? ऑफिसात. परदेशी साहेबांपुढे काहीतरी करून दाखवत होती. फोनवर रडवेली झाली. “आई, मी कशी येऊ हो?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “ही जाईल. काकू म्हणजे आईच की!”

आता माझं ध्यान डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हातांत हिरवा चुडा, तळव्यांवर मेंदी, मंगळसूत्राला दुकानातली चमक. मी हलले तरी किणकिण व्हायची. गणपतीतल्या सजावटीसारखी मी रिक्षात बसले, शेजारी भांग पाडलेला अथर्व.

शाळेच्या ऑफिसात क्लार्कनी मान वर न करता विचारलं, “आई आल्यात?”

“नाही, मी त्याची...”

“आई नसेल तर तिसरा नंबर बसलाय बाहेर.”

बाहेर बाकावर खरंच तिसरा नंबर बसला होता. मांडीवर फाइल घेतलेली आई आणि बेचा पाढा पुटपुटणारा मुलगा. पाढा सोळापर्यंत आला होता. वेळ नव्हता.

“आई आहात की नाही?”

“हो,” मी म्हणाले.

झालं!

मुख्याध्यापिका बाईंचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. त्यांनी तो चढवला. आधी अथर्वला पाहिलं, मग मला, मग माझ्या चुड्याला. चुड्यावरून पुन्हा अथर्वला.

“लग्नाला किती दिवस झाले?”

खोटं एकदा बोलून झालं होतं. आता खरं बोलले. “सोळा.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “काय रे बाळा, ही कोण?”

“ही नवीन आहे,” अथर्व म्हणाला. “आमच्याकडे लग्न झालं. जिलबी होती.”

“आणि तुझी आई कुठे आहे?”

आता इथे वहिनींची तयारी आडवी आली. नोकरीवाल्या आयांच्या मुलांना शाळा घेत नाहीत, अशी आवई कोणीतरी उठवलेली. म्हणून महिनाभर अथर्वला घोकवलं होतं, ‘आई ऑफिसला जाते हे सांगायचं नाही.’ गुणी पोर! त्याने ओठ घट्ट मिटले. म्हणाला, “ते सांगायचं नाहीये.”

खोलीत फक्त माझी किणकिण.

बाईंनी फॉर्म उलगडला. “मंजिरी,” त्यांनी हळूच वाचलं. “जानेवारीत स्वतः येऊन भरलाय की हो हा. आणि आता मार्च.” मग एकदम आवाज चढला. “दोन महिने! दोन महिने थांबवलं नाही पुरुषाला?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी वहिनींना वर पोचवलं होतं आणि मला दिरांच्या गळ्यात बांधलं होतं!

हीच बोलायची वेळ होती, कबूल. पण बोलले असते तर आई नाही हे उघड झालं असतं आणि बाहेर पाढा वीसपर्यंत पोचला होता. मी मान खाली घातली. शरमेने हो! बाईंना वाटलं, दुःखाने.

“बाळ, तुझ्या माहेरच्यांनी तरी काय पाहून दिलं तुला?” त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. “मुलाचा लळा लागलाय का?”

मी मान हलवली. ते खरंच होतं.

“त्याच्या आईचा फोटो दप्तरात ठेवत जा. आणि सांगायचं नाही वगैरे शिकवू नका लेकराला.” मग दाराकडे तोंड करून क्लार्कना, “जोशी, जागा ह्यांना देऊन टाका!”

घरी माझं औक्षण तेवढं व्हायचं बाकी होतं. धायरीच्या शाळेला सासूबाईंनी त्याच दिवशी नाही कळवलं. मी कोणाला काही सांगितलं नाही, नवऱ्याखेरीज. तो पोट धरून हसला. “म्हणजे दादाचं अमेरिकेत बसल्या बसल्या दुसरं लग्न, तेही माझ्या बायकोशी? आणि मला साधं आमंत्रण नाही?”

जून उजाडला. पहिल्या दिवशी अथर्वला सोडायला अमेरिकेहून परतलेले दीर निघाले, वहिनी निघाल्या आणि “काकू पण!” म्हणून अथर्वने मला ओढलं. फाटकात बाई स्वतः उभ्या. मी दिरांच्या मागे लपले.

“नमस्कार,” दीर म्हणाले. “अथर्वचा बाबा.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की चाळिशीला टेकलेला माणूस अर्धी चड्डी घातल्यासारखा उभा राहिला. “आणि ह्या?”

“मी त्याची आई,” वहिनी हसून म्हणाल्या.

“तिसरी?”

दिरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने दिरांकडे पाहिलं. अमेरिकेतल्या तीन महिन्यांचा हिशोब त्या नजरेत होता. मी पुढे आले नसते तर एक चांगला संसार फाटकातच मोडला असता.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी न थांबता बोलले. ‘हो’ पासून जिलबीपर्यंत सगळं, भर फाटकात, पन्नास पालकांसमोर. शेवटी विचारलं, “बाई, आता अथर्वची जागा जाईल का हो?”

वहिनींनी अथर्वचा हात घट्ट धरला होता.

“जागा मुलाला दिलीये, आईला नाही,” बाई म्हणाल्या. “जा रे, वर्गात जा.” अथर्व पळाला. मग चष्मा चढवून त्या माझ्याकडे वळल्या. “तीन महिने मी त्या मंजिरीसाठी हळहळत होते. परत कर माझी हळहळ!”

मी गप्प. सवय.

“आणि ऐक. उद्या तुला मूल झालं, की प्रवेशाला तू येऊ नकोस. ह्या मंजिरीला पाठव. तू ‘मी आई’ म्हणालीस तर माझा काही विश्वास बसायचा नाही.”

आता कोणी विचारतं, “काय, काही बातमी?” अजून तरी काही नाही. पण पेठेतल्या त्या शाळेत आमच्या न झालेल्या बाळाला आई मिळालीये. मी आपली वेटिंगवर.