बाईंनी घेतलेलं नाव

"बाई गेल्या," फोनवर वसंतकाका म्हणाले. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याशी खाली बसले. कुंदाबाई म्हणजे त्यांची बायको. स्वतःच्या बायकोला 'बाई' म्हणणारा, वर अहो-जाहो करणारा नवरा मी तरी अख्ख्या इंदूरमध्ये दुसरा पाहिलेला नाही. महिना होऊन गेला आता. आमच्या क्लासमधले जुने लोक भेटले की म्हणतात, तू लिही ना काहीतरी, तुला येतं. येतं कसलं डोंबल! बाईंबद्दल 'होत्या' असं लिहायचं म्हटलं तरी पेन अडतं.

राजेंद्र नगरला आमच्याच गल्लीतल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा क्लास भरायचा. एबीसीडीचा नव्हे हं. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, अर्जही लिहिता येतो, पण तोंड उघडलं की सगळं व्याकरण पळून जातं, अशांसाठी. माझ्यासारखी एखादी बी.ए. झालेली मुलगी, कोणी बँकेतले, कोणी शाळेतले मास्तर. मग इंदूरची एकेक कापड मिल बंद पडायला लागली, तशी तिथली मोठमोठी माणसंही येऊन बसू लागली. नव्या कंपन्यांना म्हणे फाडफाड इंग्रजी बोलणारे हवे होते. बाईंचं शिकवणं गोडगोड नव्हतं. पुस्तकातलं उदाहरण त्यांना चालायचं नाही. राजा-राणीचं राहू द्या, आज तुमच्या घरी भाजी कोणती झाली ते पॅसिव्हमध्ये सांगा, म्हणायच्या. आणि हात वर करायला सक्त मनाई, कारण हात वर करणारे करतच राहतात आणि बाकीचे त्यांच्या आडून डुलक्या काढतात. बाई ज्याचं नाव घेतील त्यानेच उठून बोलायचं. नावही नुसतं नाव. राव नाही, जी नाही, आणि आपलं इंदुरी 'भिया' तर नाहीच नाही. इंग्रजीत सगळे एका पंगतीला, असं त्यांचं म्हणणं होतं. पन्नाशीचे हेडक्लार्क 'श्रीधर' म्हटल्याबरोबर शाळकरी मुलासारखे उठून उभे राहायचे, आणि आम्ही पोरी खाली मान घालून हसायचो.

काका मिलमध्ये विणकाम खात्यात सुपरवायझर होते. त्यांची मिल बंद झाली तेव्हा पहिले काही महिने ते रोज सांगायचे, "खुलेगी, खुलेगी." ती काही खुलली नाही. सांवेर रोडवरच्या कारखान्यांतून खेटे घालून झाले, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा टायवाला साहेब इंग्रजीत विचारायचा आणि काकांच्या तोंडाला कुलूप लागायचं. शेवटी एक दिवस ते मुकाट्याने येऊन आमच्यात बसले. बायकोच्या क्लासमध्ये! मला तर कुठे पाहावं कळेना. तो काळ, ती वस्ती, आतल्या खोलीत काकांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांची आजी, माळ ओढत बसलेली… एखाद्याने जीव गेला तरी असं केलं नसतं.

पण पंचाईत वेगळीच झाली. बाई सगळ्यांना उठवायच्या, काकांना नाही. त्यांच्यापर्यंत नजर यायची, ओठ हलायचे, आणि प्रश्न शेजाऱ्याकडे जायचा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे बाईंना लहानपणापासून सांगितलेलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एम.ए. झालेली बाई, असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं आम्हाला छातीठोकपणे सांगणारी, पण जीभ वळेना. एकदा त्यांनी पळवाट काढली आणि काकांकडे बघून नुसतंच "यस, प्लीज?" म्हणाल्या. काका जागचे हलले नाहीत. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीसं पुटपुटले. हट्टी माणूस! आणि आमच्याच्याने बघवत नव्हतं. कारण इंग्रजी ऐकून येत नाही, बोलूनच येतं, आणि ज्याला बोलण्याची खरी गरज त्यालाच बोलायला मिळत नव्हतं.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. मग एका संध्याकाळी क्लास सुरू व्हायच्या आधीच काका उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे." त्यांनी बायकोला बाई म्हणायची ती पहिली वेळ. बोलले आणि खाली बसले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग वळल्या आणि म्हणाल्या, "वसंत, स्टँड अप."

आतली माळ थांबली. आम्हाला वाटलं, आता आजी बाहेर येते आणि रामायण होतं. आजी आली नाही. नुसता आवाज आला, "अगं, मोठ्यानं विचार. मिलनं कान घालवलेत त्याचे." बाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी सोडलं नाही. त्या दिवशी क्लासभर त्यांनी काकांनाच उठवलं, खडसावलं, चुकलेलं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आणि काका बोलले. अडखळत, घामाघूम होत, पण बोलले.

ती नोकरी मिळाली नाही. तिथे पंचविशीचा पोरगा घेतला. पुढे एका गोदामात माल रवाना करायचं काम मिळालं, तिथे इंग्रजी कोणाला हवं होतं? तरी काका क्लासला येतच राहिले. नंतर नंतर मोठ्या पाट्यांचे, एसीवाले स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले, बाईंकडची गर्दी ओसरली, आजी गेली, मीही कॉलेजात शिकवायला लागले. तरी कधीही जा, बाई शिकवताहेत आणि समोर काका. घरात दोघांचं 'अहो' आणि 'अगं', क्लासमध्ये 'बाई' आणि 'वसंत'. बाईंच्या शेवटच्या आजारात तर पलंगावरूनच क्लास चालायचा म्हणे.

परवा मी त्यांना भेटायला गेले. संध्याकाळ होती, क्लासची वेळ. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, एकटेच खोलीत बसले होते. कुठे निघालात का, विचारलं तर नाही म्हणाले. मग आपणच बोलायला लागले. कोणी मामा म्हणतं, कोणी भाऊजी, सोसायटीतले बाबूजी म्हणतात. आई गेली, दादा गेला, मिलचे दोस्त एकेक करून गेले.

"नावाने हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू मारशील, एकदा?"

मी त्यांच्या मुलीच्या वयाची. लहानपणापासून काका म्हणत आले. जीभ वळेना म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं… खूप प्रयत्न केला, अगदी ओठांपर्यंत आलं. आणि तोंडातून निघालं ते "काका".

ते तरीही उठून उभे राहिले.