स्टॉप यू, नीडल यू

"सर, हे मशीन मला शिव्या देतंय की हो," असं म्हणत सरोजाबाईंनी टॅब माझ्यापुढे धरला.

पडद्यावर लिहिलं होतं: ‘स्टॉप यू द मशीन यू. फाइंड यू द नीडल यू.’ खाली लाल रंगात आकडा, अडतीस.

म्हैसूरच्या हेब्बाळमधल्या एका कपड्यांच्या फॅक्टरीत हा प्रकार घडला. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी तिथे आठवड्यातले तीन दिवस इंग्रजी शिकवत होतो. सरोजाबाई चेकर होत्या, म्हणजे शिवून आलेल्या शर्टांतल्या चुका शोधणाऱ्या. घर लष्कर मोहल्ल्यात, नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान. घरी बोलतात ते आमच्यासारखंच म्हैसुरी मराठी, ज्यात वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपताना कुठे असेल ते सांगता येत नाही. अकरा वर्षांनी त्यांची लाइन सुपरवायझर व्हायची पाळी आली होती. लाइन म्हणजे ओळीने बसून एकच शर्ट टप्प्याटप्प्याने शिवणाऱ्या चाळीसेक बाया. पण नियम नवा निघाला होता. सुपरवायझरला इंग्रजी बोलण्यात साठ मार्क हवेत. ते मार्क मी देणार नव्हतो, ॲप देणार होतं.

ॲप आणलं होतं ट्रेनिंग हेड नंजुंडस्वामी साहेबांनी. ते त्याला ॲप म्हणत नसत, ‘डिजिटल लँग्वेज इकोसिस्टिम’ म्हणत. उद्घाटनाला नारळ फुटला, तो टॅबवर फोडला नाही इतकंच.

सरोजाबाईंची चूक साधी होती. कन्नड जिभेला शब्द व्यंजनावर थांबलेला आवडत नाही. ती बसचं ‘बस्सु’ करते, कारचं ‘कारु’. म्हैसुरात जन्म गेलेल्या मराठी जिभेचंही तेच होतं. इथल्या माणसांना तो शेवटचा उकार ऐकूच येत नाही. ॲपचा कान परदेशी. त्याला प्रत्येक उकारात ‘यू’ ऐकू येई.

पहिला उपाय ॲपमधलाच होता. तोंडाचं चित्र, आत जीभ वरखाली होते. सरोजाबाईंनी ते बराच वेळ पाहिलं.

"अय्यो, ही जीभ होय? मला वाटलं चपलेचा तळ."

दुसरा उपाय माझा. मी म्हटलं, "शब्दाचा शेवट गिळून टाका." त्यांनी तो आज्ञाधारकपणे गिळला, व्यंजनासकट. ‘स्टॉ द मशी.’ ॲपने लिहिलं, ‘स्टार द मर्सी’. मार्क एकोणतीस. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनाने त्यांचे नऊ मार्क कमी केले.

"ऱ्हाऊ द्या सर," त्या डबा उचलत म्हणाल्या. "सुम्ने, उगाच कशाला त्रास? बारावी झालेल्या पोरी आहेत, त्यांना करा म्हणावं सुपरवायझर. मी चेकरच बरी."

त्या खरंच उठल्या होत्या. काहीतरी करायचं म्हणून मी माझा फोन काढला. त्यात आवाज रेकॉर्ड करायची सोय असते, फुकटची. बोललेला आवाज पडद्यावर रेघेसारखा उमटतो. मोठा आवाज जाड, बारीक आवाज बारीक. मी त्यांना ‘नीडल’ म्हणायला लावलं. पडद्यावर एक जाड गोळा उमटला, आणि त्याच्यामागे लोंबणारी बारीक शेपटी.

सरोजाबाईंचा हात गळ्यातल्या ट्रिमरकडे गेला. ट्रिमर म्हणजे धागे कापायची चिमुकली कात्री.

"हे तर दारा, सर!"

दारा म्हणजे कन्नडमध्ये धागा. शिलाई संपल्यावर शर्टाला लोंबत राहतो तो. तो दिसला की शर्ट परत जातो.

"शिलाई संपली तिथं धागा कापायचा. शिलाई कापायची नाय. तुम्ही तर मला शिलाईच कापायला लावली, अल्वा, नाय का? हे आधी का नाय सांगितलं?"

आधी मला ते माहीत नव्हतं. मी चष्मा पुसला.

त्यानंतर दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या फोनवर बोलत आणि शेपट्या तपासत. शेजारच्या बायाही जमू लागल्या. कुणाचं ‘बटन’ लांबलं की चारजणी ओरडत, "दारा!"

परीक्षेच्या दिवशी बेंगळुरूहून ग्राहक कंपनीच्या बाई आल्या होत्या. साहेबांनी आग्रहाने आधी स्वतःचं भाषण ठेवलं. बोलतील ते मोठ्या पडद्यावर उमटणार, शेवटी मार्कही दिसणार. त्यांनी माइक घेतला. पडद्यावर आलं: ‘डिअर फ्रेंड्स यू. दिस इज अ ग्रेट यू मोमेंट यू.’ पाच मिनिटं हे चाललं. सबंध भाषणातला एकच ‘यू’ खरा होता, ‘थँक यू’मधला. मार्क एक्केचाळीस. कुणी हसलं नाही. फक्त चाळीस पदर तोंडाशी गेले.

मग सरोजाबाई उभ्या राहिल्या. सुई मोडली तर काय करायचं, हे त्यांनी मिनिटभर सांगितलं. मशीन थांबवा, तुकडे शोधा, सगळे सापडेपर्यंत शर्ट हलवू नका. मार्क सदुसष्ट.

टाळ्या सुरू होतायत तोच साहेबांनी पुन्हा माइक घेतला. "सर्व्हर प्रॉब्लेम. आजचे सगळे मार्क कॅन्सल." पडद्यावर उमटलं: ‘सर्व्हर यू प्रॉब्लेम यू’.

अकरा वर्षं आणि सदुसष्ट मार्क, दोन्ही हातचे निघून चालले होते. मी उठणार, इतक्यात सरोजाबाईच माइकजवळ गेल्या आणि इंग्रजीत बोलल्या. पडद्यावर शब्द न् शब्द स्वच्छ उमटला: ‘सर, सर्व्हर गुड. ओन्ली लूज थ्रेड. आय विल ट्रिम इट.’

बेंगळुरूच्या बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हेच मार्क रिपोर्टमध्ये हवेत." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काही वाजवण्यासारखं उरलं नव्हतं.

सरोजाबाई आता लाइन सुपरवायझर आहेत. ॲपचे मार्क यापुढे ‘केवळ मार्गदर्शनासाठी’ असल्याचं सर्क्युलर त्याच आठवड्यात निघालं. दर गुरुवारी दुपारी साहेब माझ्या खोलीत येतात, दार लावून घेतात आणि फोनवर ‘मोमेंट’ म्हणतात. ती रेकॉर्डिंगं सरोजाबाईंकडे तपासायला जातात. अजून एकही पास झालेलं नाही.

ॲप घेण्याआधी घेणाऱ्याने त्यात एकदा स्वतः बोलून पाहावं. नारळ वाचतो.