नाकतोड्यांचे साहेब

"मी मारीत नाही, बीमार पाडतो," असं ते म्हणायचे आणि चिमटीतला नाकतोडा हलकेच उताणा करून त्याचं पोट बघायचे. वैद्य तान्ह्या मुलाचं पोट बघतो तसं.

निजामाच्या शेतकी खात्यानं त्यांना अणदूरला धाडलं तेव्हा शिवारातली ज्वारी नाकतोड्यांनी धरली होती. गावानं त्यांना 'नाकतोड्यांचे साहेब' म्हणायला सुरुवात केली. साहेबपण एवढंच, की अंगात शेरवानी होती. तीही कोपरावर विरलेली. भाड्याच्या खोलीत त्यांनी काचेच्या बरण्या मांडल्या, त्यांत शिजवलेला भात भरला आणि त्यावर हिरवी बुरशी वाढवली. ही बुरशी पाण्यात कालवून पिकावर शिंपडली की नाकतोड्यांना तिची लागण होते आणि आठ-दहा दिवसांत ते मरतात, असा त्यांचा हिशोब.

आता तुम्हीच विचार करा. गावाची ज्वारी सरकारनं लेव्हीत उचलून नेलेली. भात दिसायचा तो सणाला, तोही सगळ्या घरांत नाही. आणि सरकारचाच माणूस बरण्या भरभरून भात नासवतोय. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि आम्ही चार-पाच जण निजामाविरुद्ध लपून पत्रकं काढत होतो. एका बैठकीत मी पत्रक लिहिलं, त्यांचं नाव घालून. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला रस्त्यात हाक मारली. पत्रकावर माझं नाव नव्हतं, पण कुणाची भाषा कशी हे गावात लपत नाही. पोलिसांच्या हाती जायची मी तयारी ठेवली होती.

"पत्रक बरोबर आहे," ते म्हणाले. "भात बंद केला. आता ज्वारीच्या कण्या घेतो. थोड्याच लागतात, आणि बुरशीही जास्त चांगली धरते. बघायला येता?"

मी गेलो. त्यांनी भिंगाखाली एक नाकतोडा धरला. त्याच्या पोटावर मोहरीहून बारीक काळा ठिपका होता. बुरशी कातडी भेदून आत शिरू बघते, तिथं हा काळी खपली धरतो आणि तिला त्या खपलीतच कोंडतो, असं त्यांनी समजावलं. "लढतोय. कदाचित जगेल." आवाजात चक्क कौतुक. तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाजू पिकाची. पण लढणाऱ्याला लढतो म्हणायला नको?"

बुरशी शिंपडायला शेत कुणी देईना. शेवटी आक्कानं दिलं. ती एकटी बाई, दोन पट्ट्या ज्वारी, आणि घराचं वर्षाचं धान्य तेवढंच. वरच्या पट्टीत त्यांनी बुरशी शिंपडली आणि नाकतोडे झोडपायला येणाऱ्या बायकांना आठ दिवस थांबवलं. ते आठही दिवस आभाळ निरभ्र होतं. नाकतोडे आजारी पडले, मलूल झाले, पण सकाळ झाली की ज्वारीच्या ताटांच्या शेंड्यावर चढायचे आणि अंग आडवं करून दिवसभर उन्हात बसायचे. आठव्या दिवशी साहेबांच्या ध्यानात आलं. नाकतोडे ऊन खाऊन अंगात ताप आणत होते आणि त्या तापात बुरशी मारत होते. दहाव्या दिवशी ते बरे झाले होते आणि वरच्या पट्टीत नुसती ताटं उभी होती.

ते आक्काच्या अंगणात गेले. शेजारपाजारचे जमलेच होते. "गलती माझी," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आभाळ धरायची वाट बघायला पाहिजे होती. खालच्या पट्टीत पुन्हा करू द्या."

लोक हसले. साहेब आता पाऊस बी पाडणार व्हय, असं कुणीतरी म्हणालं. आक्का सूप खाली न ठेवता बोलली, "न्हाय म्हणलं तर ती पट्टी बी नाकतोडेच खाणार. करा. पर दिस म्या सांगीन. तुमाला आभाळ कळत न्हाय."

"कबूल," ते म्हणाले.

माझ्या हाती दुसरं पत्रक आयतं आलं होतं. मी तपशील विचारायला गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. दिवस, पट्टी, नुकसान, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "लिहा. पण ढग नव्हते, हेही लिहा." मी ती ओळ लिहिली आणि छापायला देताना गाळली. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती.

भादव्यात एका सकाळी आक्का अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "आज." त्या दिवशी त्यांनी खालच्या पट्टीत बुरशी शिंपडली. चौथ्या दिवशी कचेरीचा हुकूम आला, असाल तसे निघून या म्हणून. हुकूम घेऊन आलेल्या शिपायाच्या हातात माझी दोन्ही पत्रकं होती. साहेबांनी बरण्या धुतल्या, गुंडाळल्या आणि ते आक्काच्या दारात गेले. आठव्या दिवशी शेतात जाऊन बघा, एवढंच त्यांनी सांगितलं. 

आठव्या दिवशी मी आक्काबरोबर गेलो. इतके दिवस आभाळ उघडलंच नव्हतं. नाकतोडे या वेळीही शेंड्यावर चढले होते, पण ऊन न मिळता तिथंच ताटाला मिठी मारून मेले होते. सांध्यासांध्यांतून हिरवी भुकटी बाहेर आली होती. खालची पानं खाल्लेली, पण कणसं शाबूत. आक्का पट्टीच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत चालून आली. मग तिनं चार मेलेले नाकतोडे चिकटलेलं एक ताट मोडून घेतलं.

"तू लिवतूस न्हवं," ती म्हणाली. "साहेबाला कळीव. पट्टी वाचली म्हणावं."

मी खिशातून कागद काढला, शिसपेन काढली आणि वर त्यांचं नाव घातलं. दोनदा छापलेलं नाव, ते पाठ होतं. त्याखाली गाव लिहायचं असतं. कचेरीत ते आता राहिले असतील की नाही कुणास ठाऊक, आणि त्यांचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आक्कालाही माहीत नव्हतं. ती ताट हातात धरून माझं लिहून व्हायची वाट बघत उभी होती.