नडगीतलं दुखणं

मांजरसुंब्याच्या चौकात चाँदभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांची मुलगी मुबश्शिरा दहावीत होती, तेव्हा तीन हजार मीटरला जिल्ह्यात तिला गाठणारं कुणी नव्हतं. शाळेचं मैदान खडकाळ, म्हणून ती रोज पहाटे हायवेच्या कडेनं डांबरावरच पळायची.

दिवाळीनंतर शहादेव सरांनी, तिच्या खेळाच्या शिक्षकांनी, पळणं दुप्पट केलं. "राज्याला जायचंय. वजन उतरव थोडं," ते म्हणाले. तिनं रात्रीची भाकरी सोडली. मग पाळी यायची थांबली. तिची आई रहिमाबी विचारायची, तर "पळणाऱ्या पोरींचं असंच असतं, अम्मी," एवढं बोलून ती बूट बांधायला बसायची.

त्यानंतर उजवी नडगी दुखू लागली. आधी अंग गरम झालं की दुखणं थांबायचं. मग थांबेना. पुढं बसल्या जागी ठणकायला लागलं. बोरभर जागा होती, तिथं बोट टेकलं की डोळ्यांत पाणी यायचं.

बीडला एक्सरे काढला. त्यात काही दिसलं नाही. "बारीक तडा सुरुवातीला एक्सरेत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पळणं बंद ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत या."

सर दुकानात आले. "एक्सरे साफ हाय ना? मग कावून भेता, चाँदभाई? निवड चाचणी तोंडावर आलीय. ही गेली की वर्ष गेलं."

चाँदभाईंनी मुलीकडं पाहिलं. "पाँव दुखता क्या गे?"

"नै, अब्बा."

घरी जाताना ती त्यांच्यापुढं चालत होती. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. त्यांनी ते पाहिलं, तरी चाचणीच्या दिवशी तिला स्वतःच मैदानावर नेलं.

चाचणीत ती पहिल्यापासून पुढं होती. शेवटच्या वळणावर कुंपणाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असा आवाज झाला. गुडघ्याखाली, जिथं सांधा नसतो तिथं, तिचा पाय वाकला होता. ती कोपरांवर रेटत रेषेकडं सरकत राहिली. चाँदभाईंनी धावत जाऊन तिला धरलं.

हाडात रॉड घालावा लागला. डॉक्टरांनी दुसरा पायही तपासला. "डावीकडंही सुरुवात झालीय," ते म्हणाले. "हाडाला ना खायला मिळालं, ना विसावा."

सर दवाखान्यात आले, दारातच थांबले. "डॉक्टर तर साफ म्हणले होते."

"पुढचंबी म्हणले होते, सर," चाँदभाई म्हणाले. "ते ना तुमी ऐकलं, ना मी."

मुबश्शिरा आता बारावीत आहे. पोटभर जेवते, लंगडत नाही. डॉक्टरांनी पळायची परवानगी दिलीय, पण मातीवर आणि हळू. या हिवाळ्यात एका सकाळी पळताना ती अर्ध्या वाटेत थांबली. पुलाच्या कठड्यावर बसून डाव्या नडगीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिनं वडिलांना फोन केला.

ट्रकचं चाक अर्धवट खोललेलं होतं. चाँदभाईंनी पाना खाली ठेवला, ड्रायव्हरला "आलोच" म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.